सासूबाईंना घेऊन एस्केप रूमला जावं का?

प्रश्न ठाण्याच्या एका ताईंचा आहे. घरात सात माणसं. ताई आणि त्यांचे यजमान, ७२ वर्षांचे सासरे, ६८ वर्षांच्या सासूबाई, १४ वर्षांचा मुलगा, ८ वर्षांची मुलगी आणि दिवाळीला पुण्याहून येणारी नणंद. सुट्टीत सगळ्यांनी एस्केप रूम खेळायची, म्हणजे एका खोलीत शिरून कोडी सोडवत, कुलपं उघडत साठ मिनिटांत बाहेर पडायचं, असं मुलाने परस्पर ठरवून टाकलंय. मोबाईलवरचे असले सगळे गेम त्याचे खेळून झालेत, त्यामुळे 'तुम्ही फक्त चला, सोडवतो मी' असं त्याचं म्हणणं. ताईंना काळजी वेगळीच. सासूबाईंना बंद जागेत धडधडतं आणि इंग्रजी वाचता येत नाही. घरात साधे पत्ते खेळतानाही आवाज चढतात. थीम कोणती घ्यावी, भांडणं कशी टाळावीत आणि सासूबाई नाहीच म्हणाल्या तर घरच्या घरी असं काही करता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, मी अंधेरीत गेम मास्टर म्हणून, म्हणजे बाहेरून कॅमेऱ्यावर खेळ बघून अडलेल्यांना हिंट देणारी म्हणून कामाला लागले आणि आता या खेळाच्या खोल्या रचते. कॅमेऱ्यासमोर बसून इतकी कुटुंबं खेळताना पाहिली आहेत की दारातून आत येतानाच कोण कुलपापाशी ठाण मांडणार आणि कोणाचं बोलणं वाऱ्यावर जाणार, याचा अंदाज येतो. तुमच्या घरचं चित्रही डोळ्यांसमोर आलं.

आधी दाराचं बोलू, कारण सासूबाईंचा प्रश्न तिथेच सुटेल. बऱ्या जागी तुम्हाला खरोखर कोंडत नाहीत. पुष्कळ ठिकाणी मुख्य दार नुसतं लोटलेलं असतं आणि कुलपं असतात ती आतल्या पेट्यांना, कपाटांना, पुढच्या खोलीच्या दाराला. जिथे दार बंद असतं तिथे बहुधा मॅगलॉक असतो. चौकटीला विद्युतचुंबक, दाराला लोखंडी पट्टी. वीज चालू असेतो ती पट्टी चिकटून राहते. बाजारात सर्रास मिळणारा मॅगलॉक २८० किलोच्या ओढीचा असतो, म्हणजे दोन-तीन माणसांनी जोर लावला तरी दार हलत नाही. पण वीज तुटली की तोच चुंबक क्षणात मेलेला. म्हणून लाईट गेली तर असं दार आपोआप सुटतं, आणि दाराशेजारचं बटण दाबलं की तेच होतं. खेळाआधी सूचना देतात तेव्हा सरळ विचारा: बाहेर पडायचं बटण कुठे आहे, एकदा दाबून दाखवा. दाखवायला का-कू केली, 'त्याची गरज पडत नाही हो' असं हसून सांगितलं, तर पैसे परत मागा आणि निघा. इथे भिडस्तपणा नको.

हे मी उगीच ताणून सांगत नाही. पोलंडमधल्या कोशालिन शहरात ४ जानेवारी २०१९ रोजी वाढदिवसासाठी एस्केप रूम खेळायला गेलेल्या १५ वर्षांच्या पाच मुली आगीत गेल्या. गॅसच्या हीटरपासून आग लागली, बाहेरची वाट तिने अडवली आणि खोलीचं दार आतून उघडता येत नव्हतं. आपल्याकडे राजकोटच्या गेम झोनची आग २५ मे २०२४ ची, तिथे अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्रच नव्हतं. मुंबईतल्या कितीतरी एस्केप रूम औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांत, नाहीतर जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत. तेव्हा जिना किती रुंद आहे, दुसरी वाट आहे का, तिच्यात खोकी रचून ठेवली आहेत का, हे जाता-जाता बघून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सासूबाईंसाठी आणखी एक. खेळ सुरू व्हायच्या आधी पूर्ण उजेडात त्यांना खोलीत एक फेरी मारू द्या. कोडी न दाखवताही हे करता येतं, आम्ही नेहमी करतो. धडधड होते ती बहुतेकदा आत काय असेल याचीच. दाराजवळ खुर्ची ठेवायला सांगा, आणि कधीही बाहेर गेलं तरी चालतं, खेळ थांबत नाही, हे त्यांना तुम्ही नाही तर गेम मास्टरने सांगू दे. सुनेने सांगितलं तर 'मला कसली भीती' म्हणतील आणि मुकाट सोसतील. फोनवर बुकिंग करतानाच कळवलंत तर काही जागी दार किलकिलं ठेवतात. पेसमेकर असेल तर तेही आधीच सांगा, कारण चुंबक फक्त दारात नसतो, वस्तूंमध्येही दडवलेला असतो. अमुक मूर्ती तमुक जागी ठेवली की कप्पा उघडतो, यामागची करामत बहुधा चुंबकाचीच. आणि सरपटत जायची वाट किंवा शिडी आहे का हे विचाराच. गुडघ्यांचा प्रश्न कोड्यांच्या आधी येतो.

आता थीम. यावर घरोघरी वाद होतात आणि मला ते फुकट वाटतात. बँकेवरचा दरोडा असो, तुरुंग असो, पिरॅमिड असो की पाणबुडी, पहिली दहा मिनिटं सजावटीचं कौतुक चालतं, मग सगळे कुलपांकडे वळतात. एक अपवाद सोडा: भयपटाच्या थीमची खोली ८ वर्षांच्या मुलीसाठी आणि बंद जागेत घाबरणाऱ्या माणसासाठी नको. काळोख, किंचाळ्या आणि मध्येच अंगावर येणारा नट, यातून पोरगी रात्री झोपणार नाही आणि तुम्हीही.

थीमपेक्षा महत्त्वाचं म्हणजे खोलीचा सांगाडा. काही खोल्या एकामागून एक चालणाऱ्या असतात. पहिलं कुलूप उघडेपर्यंत दुसऱ्याचा क्लूच हाती लागत नाही. आमच्या धंद्यात त्यांना लिनियर म्हणतात. दोन-तीन जणांना अशी खोली झकास. सात जणांच्या कुटुंबात मात्र एकाच्या हातात कुलूप, दोघं त्याच्या खांद्यावरून डोकावतायत आणि उरलेले चौघं एसीची हवा खातायत, असा देखावा मी कितीदा पाहिलाय. दुसऱ्या प्रकारच्या खोलीत शिरल्या-शिरल्या तीन-चार कोडी एकदमच खुली असतात. एक भिंतीवर, एक टेबलात, एक जमिनीलगत. प्रत्येकातून एखादा आकडा किंवा तुकडा मिळतो आणि शेवटी ते जुळवायचे असतात. कुटुंबाला हीच घ्या. संकेतस्थळावर अवघडपणाचे तारे दिलेले असतात, ही गोष्ट तिथे लिहिलेली नसते. फोन करून विचारा: खोली लिनियर आहे की एका वेळी तीन-चार कोडी खुली असतात? ज्याने खोली खरंच चालवलीय तो लगेच उत्तर देतो. त्याच फोनवर दुसरा प्रश्न विचारा, की कोडी वाचायची जास्त आहेत की हाताळायची. मुंबईत चिठ्ठ्या बहुधा इंग्रजीत असतात आणि इंग्रजी शब्दांच्या कोट्यांवर बेतलेलं कोडं सासूबाईंच्या हाती काही लागू देत नाही. आकडे, चित्रं, वजनं, वास, घड्याळं, कप्पे असतील तर त्या इतर कोणाइतक्याच पुढे असतील. सूचना मराठीत द्या म्हणून सांगायला लाजू नका. गेम मास्टर अनेकदा आपलंच पोर असतं.

माणसं सात आहेत, त्याचंही बघायला हवं. पाटीवर '२ ते ८ खेळाडू' लिहिलेलं असतं. आठ म्हणजे खोलीत उभी राहू शकणारी माणसं, खेळू शकणारी नव्हेत. माझ्या मते चार ते पाच ठीक, सहा म्हणजे डोक्यावरून पाणी. शक्य असेल तर एकाच जागच्या दोन खोल्या एकाच वेळी घ्या. वाटणी पिढीनुसार करू नका, म्हातारे एकीकडे आणि तरुण एकीकडे असं अजिबात नको. सासूबाई, नात आणि तुम्ही एका खोलीत, जरा सोप्या. सासरे, नातू, यजमान आणि नणंद दुसऱ्या. बाप-लेकांना एका खोलीत ठेवून त्यांच्यावर नणंदेची नजर ठेवण्यामागे हेतू आहे. 'दादा, बाबा काय म्हणतायत ते ऐक जरा' हे वाक्य तिथे तीच बिनधास्त म्हणू शकते.

मुलाच्या मोबाईल गेमबद्दल. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. हा खेळ मुळात संगणकाच्या पडद्यावरूनच उतरलाय. तोशिमित्सु ताकागी यांचा 'क्रिम्सन रूम' हा बंद खोलीतून सुटायचा गेम २००४ चा. २००७ मध्ये क्योटोत ताकाओ कातो यांच्या 'स्क्रॅप' या संस्थेने तीच कल्पना खऱ्या खोलीत आणि खऱ्या माणसांसह उभी केली, २०११ मध्ये बुडापेस्टला 'पॅरापार्क' ही एस्केप रूम सुरू झाली आणि तिथून पुढे हे युरोपभर आणि मग आपल्याकडे आलं. पण पडद्यावर एकच डोकं सगळं बघत असतं. जे दिसलं ते त्याला ठाऊक असतं. खोलीत मात्र एक आकडा आजोबांनी पाहिलाय, त्याचं कुलूप नातीला सापडलंय, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. कुटुंबं अडकतात ती इथे. कोडं अवघड असतं म्हणून हरणारी माणसं फार थोडी. बहुतेक वेळा उत्तर कोणीतरी बोलून गेलेलं असतं.

एक उदाहरण सांगते. आमच्या एका खोलीत चाळीतल्या जुन्या बिऱ्हाडाची सजावट होती. पितळी तांब्या, ट्रंक, रेडिओ, भिंतीवर लंबकाचं घड्याळ. घड्याळाच्या तबकडीवर चावी द्यायची दोन भोकं आणि लंबकाच्या खणात खाली आडवी पडलेली चावी. चावी दिली की टोले पडायचे आणि टोल्यांच्या संख्येवरून पुढचं कुलूप. एक कुटुंब आलं होतं. आजीबाईंनी आत आल्या-आल्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'बंद पडलंय, चावी द्यायला हवी.' मुलगा ट्रंकेच्या कुलपाशी झटत होता. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या. सून म्हणाली, 'हो आई, बघू.' नातू चौदा-पंधराचा, तो यूव्ही टॉर्च भिंतीवर फिरवत होता. आजीबाई मग ट्रंकेवर बसल्या आणि पदराने तांब्या पुसू लागल्या. पुढची वीस मिनिटं ते अख्खं कुटुंब लंबक किती वेळा हलवायचा यावर वाद घालत होतं. शेवटी हिंट मागितली. मी वॉकीटॉकीवर एवढंच म्हटलं, 'आजींना विचारा.' त्या उठल्या, खण उघडला, चावी लावली आणि सहा-सात पीळ दिले. त्या नातवाने घड्याळाला चावी देताना माणूस आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. तोंड उघडं ठेवून बघत होता.

त्यामुळे आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं कुलपांना हात लावू नका. प्रत्येकाने एकेक कोपरा घ्यावा, कप्पे उघडावेत, गालिचा उचलावा, जे दिसेल ते मोठ्याने बोलावं. 'इथे हिरवं तीन अंकी कुलूप', 'फोटोत पाच माणसं, एकाचं घड्याळ उजव्या हाताला', 'ड्रॉवर रिकामा'. रिकामा आहे हेही बोला, म्हणजे तोच ड्रॉवर चौघं चारदा उघडणार नाहीत. नातीला जमिनीलगतचं सगळं द्या, टेबलाच्या खालची बाजू तिलाच दिसते. सापडलेल्या सुट्या वस्तू एका टेबलावर आणून ठेवा. वापरून झालेल्या वेगळ्या बाजूला. साधारणपणे एक किल्ली आणि एक क्लू एकदाच कामाला येतो, म्हणून उघडलेल्या कुलपातच किल्ली राहू द्या. मराठी घरात वस्तू उचलून जागच्या जागी ठेवायची सवय फार, आणि इथे ती नडते. कोणीतरी सगळं नीट लावून ठेवतं आणि मग शोधाशोध.

तीन अंकी कुलपाचं गणित यजमानांना आधीच सांगून ठेवा. शून्य-शून्य-शून्य पासून नऊ-नऊ-नऊ पर्यंत १००० शक्यता. एकेक करून बघत बसलात, प्रत्येकी दोन सेकंद धरले, तर ३३ मिनिटं जातात, म्हणजे अर्धा खेळ. आणि बसणारे बसतात हो, बहुतेक वडीलमंडळीच, कारण क्लू शोधण्यापेक्षा त्यात कामाचं समाधान जास्त. पण दोन अंक नक्की कळले असतील तर उरतात फक्त १० शक्यता. तीन वेगवेगळे अंक कळले आणि क्रम माहीत नाही, तर ६. तिथे मात्र खुशाल फिरवा. आणखी एक बारीक गोष्ट: कुलपावर एक खूण किंवा रेघ असते, आकडे तिच्याच ओळीत आणायचे. बरोबर आकडा एक घर खाली लावून 'हे कुलूप खराब आहे' असं आम्हाला ऐकवणारी माणसं कमी नाहीत. अंधुक उजेडात आणि चाळिशी पार केल्यावर ही चूक होणारच. म्हणून जवळचा चष्मा. मोबाईल बाहेरच्या लॉकरमध्ये जातात, पर्स जाते, आणि पर्सेबरोबर चष्माही जातो. सासऱ्यांचा चष्मा खिशात आहे की नाही, हे दार बंद व्हायच्या आधी बघा.

रंगांचंही असंच. लाल-हिरव्यातला फरक न कळणं पुरुषांमध्ये बायकांपेक्षा बरंच जास्त असतं आणि अनेकांना ते स्वतःलाच ठाऊक नसतं. रंगीत तारांच्या कोड्यावर एखादे काका तीनदा ठाम चुकले, तर चिडू नका, ते कोडं दुसऱ्याच्या हाती द्या.

ज्यावर 'हात लावू नका' अशी चिकटपट्टी आहे ते खेळात नाही. विजेचे बोर्ड, एसी, छताचे पत्रे, आग विझवायचं सिलिंडर, यांतलं काहीच खेळात नसतं. ताकद लागत असेल तर वाट चुकली समजा. कुठलंही कोडं जोर लावून सुटावं म्हणून रचलेलं नसतं.

हिंट मागायला कमीपणा मानू नका. पाच-सात मिनिटं काहीही हललं नाही की मागा. आतलं गुपित सांगते: आम्हाला तुम्ही शेवटच्या काही मिनिटांत सुटलेलं हवं असतं. तीस मिनिटांत संपलं तर पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, अर्धवट राहिलं तर घरी जाताना तोंडं उतरतात. म्हणून चांगला गेम मास्टर हिंट कधी द्यायची, किती मोघम द्यायची, हे तुमच्या घड्याळाकडे बघून ठरवतो. शेवटचं दार अठ्ठावन्नाव्या मिनिटाला उघडलं तर ते दर वेळी निव्वळ नशीब नसतं. आणि एखादी वस्तू खरंच चुकीच्या जागी असू शकते. प्रत्येक गटानंतर खोली पुन्हा लावताना घाई होते, विशेषतः दिवाळीच्या गर्दीत. सगळं बरोबर करूनही काही उघडत नसेल तर कॅमेऱ्याकडे बघून स्पष्ट सांगा.

भांडणाचं काय? पत्त्यांत तुम्ही एकमेकांच्या विरुद्ध असता, इथे सगळे एका बाजूला, त्यामुळे निम्मं आपोआप कमी होतं. उरलेलं निम्मं होतं ते कुलूप कोणाच्या हातात यावरून. जाताना रिक्षात एक नियम ठरवा: दोन मिनिटांत सुटलं नाही की हातातली वस्तू शेजाऱ्याला द्यायची, कुरकुर न करता. नियम नातीला सांगायला लावा. ८ वर्षांच्या मुलीने 'बाबा, दोन मिनिटं झाली' म्हटलेलं सगळे ऐकतात. तुम्ही म्हटलंत तर त्याचं भांडण होईल.

प्रवासाचं थोडक्यात. ठाण्याहून अंधेरीला येत असाल तर गाडीने जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर अडकण्यापेक्षा लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो. रविवार असेल तर मेगाब्लॉक बघा. मध्य रेल्वेचा ब्लॉक माटुंगा ते मुलुंड असला की वेळेचं गणित कोलमडतं आणि तुमचा स्लॉट पुढच्या गटाला लागून असतो, उशीर तुमच्याच साठ मिनिटांतून कापला जातो. वीस मिनिटं आधी पोहोचा. आत बाथरूम नसतं, आधी जाऊन या. एसी कडक असतो, सासऱ्यांना पातळ शाल. साडी चालते, फक्त वाकून जायची वाट असेल तर सासूबाईंना पंजाबी ड्रेस सोयीचा. आणि दुपारी जेवून लगेचचा स्लॉट घेऊ नका. श्रीखंड-पुरीनंतर कोणाचंच डोकं चालत नाही.

आता सासूबाई नाहीच म्हणाल्या तर. माझं विचाराल तर म्हणाल्या तरीही, हे एकदा घरी करून बघाच, आणि कोडी त्यांना बरोबर घेऊन रचा. त्या खेळाडू नकोत, गेम मास्टर हव्यात.

बॅगेला लावायचं तीन अंकी कुलूप हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. फराळाचा डबा एका चेनच्या पिशवीत घाला आणि चेनला ते कुलूप लावा. चकल्या आत असल्या की मुलांना वेगळं काही सांगावं लागत नाही. सुरुवातीला एक चिठ्ठी, तिच्यावर जुनाच उखाणा: तीन जण वाढायला, बारा जण जेवायला. सासऱ्यांना तो पाठ असेल, पोरांना नसेल. घड्याळाच्या मागे दुसरी चिठ्ठी, कोरी. कोरी दिसते एवढंच. खाण्याच्या सोड्याच्या दाट पाण्यात कापसाची काडी बुडवून लिहा, पूर्ण वाळू द्या, आणि त्यावर हळदीचं पाणी फिरवलं की अक्षरं लालसर-तपकिरी उमटतात. सासूबाईंना यात नवल वाटणार नाही, हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करत आले आहेत. चिठ्ठीशेजारी वाटीत हळद-पाणी आणि कापूस ठेवून द्या आणि गप्प बसा. पोरं आधी ती चिठ्ठी दिव्यासमोर धरतील, मग इस्त्री मागतील. मागू दे.

त्या चिठ्ठीवर उमटू दे: 'पोह्यांची फोडणी, आजीच्या हातची.' मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांच्या बुडाला आकड्यांचे कागद चिकटवलेले असतील. मोहरी, हिंग, हळद या क्रमाने वाचले की पहिला तीन अंकी आकडा. जिरं आधी की हिंग आधी यावर घरोघरी मतभेद आहेत, म्हणून 'आजीच्या हातची' हे शब्द गाळू नका. बाकीच्या वाट्यांखालीही आकडे चिकटवा, नाहीतर तिघांचा क्रम लावायला सहाच प्रयत्न पुरतात आणि कोडं फुकट जातं. आकडा मिळाला की कुलूप उघडायला पळतील, पण उघडणार नाही. त्यातून वजा करायला अजून एक आकडा लागतो आणि तो कालनिर्णयात. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला नुसता उंदीर काढा. उंदीर म्हणजे गणपती, गणपती म्हणजे चतुर्थी, आणि त्या महिन्याची संकष्टी कोणत्या तारखेला, ती तारीख वजा. हे शोधायला आजोबा लागतात, आजी लागते, आणि वजाबाकी नातीची. एखाद्या इंग्रजी महिन्यात संकष्टी दोनदा येऊ शकते, तो महिना टाळा. वजाबाकीचं उत्तर तीन अंकी येतंय ना, हेही ताडून बघा.

एवढ्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. आधी शेजारच्या एखाद्या मुलावर चाचणी घ्या. तुम्हाला सोपं वाटलेलं कोडं तिथेच अडतं आणि अवघड वाटलेलं चुटकीसरशी सुटतं, मला आजही हे आधी ओळखता येत नाही. घराच्या दाराला किंवा कपाटाला खरं कुलूप लावू नका. आणि बॅगेच्या कुलपाचा आकडा बदलल्यावर तो कागदावर लिहून सासूबाईंच्या बटव्यात ठेवा, कारण लावणाऱ्यालाच विसर पडला आणि चकल्यांसाठी चेन कापावी लागली, अशी घरं मला ठाऊक आहेत.